व्हॅल्यू किती टाकू?

सहारच्या कार्गो कॉम्प्लेक्सजवळ, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या छोट्या ऑफिसात आम्ही मायलेकी बसलो होतो. समोरचा मुलगा पंचविशीतला, चटपटीत. खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून धरलेला, बोटं कीबोर्डवर. एअर वेबिल, म्हणजे विमानाने माल पाठवायचा कागद, भरायचं चाललं होतं. मालाचं स्वरूप: जिवंत प्राणी. प्रकार: गिनी पिग. संख्या: दोन. पेटीची लांबी, रुंदी, उंची, पेटीसकट वजन. सगळं भराभर विचारत, भराभर टाकत गेला आणि मग म्हणाला, "मॅडम, व्हॅल्यू किती टाकू?" मी नुसतीच बघत राहिले. मला प्रश्न कळला नसावा असं वाटून त्याने सोपं केलं, "घेतले केवढ्याला?" चिंगी चारशेची, मी म्हटलं. "आणि दुसरं?" दुसरी घरीच झाली, असं माझ्याऐवजी माझी लेक बोलली. त्याची बोटं जरा थबकली. मग "नो व्हॅल्यू डिक्लेअर्ड टाकतो, बहुतेक सगळे तेच टाकतात," म्हणत एनव्हीडी ही तीन अक्षरं टाकून तो पुढच्या रकान्यात गेला.

तो त्याचं काम करत होता, आणि नीट करत होता. पुढेही त्याने आम्हाला पुष्कळ सांभाळून घेतलं. पण परतीच्या रिक्षात, अंधेरी-कुर्ला रोडच्या त्या न हलणाऱ्या गर्दीत, तो रकाना माझ्या डोक्यातून जाईना. बकुळ आम्ही विकत घेतलेलीच नव्हती. चिंगीचे चारशे रुपये दिले होते खरे, पण ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यासकट, क्रॉफर्ड मार्केटमधल्या एका गडबडीच्या दुपारी. त्यानंतर घरात जे काही झालं ते कुठल्या रकान्यात टाकायचं?

खरं तर गेलो होतो क्रेप पेपर आणायला. अब्दुल रहमान स्ट्रीटवर लेकीच्या शाळेचं सगळं सामान घेतलं आणि ऊन टळेपर्यंत म्हणून मार्केटात शिरलो. फळांच्या बाजूने आत गेलं की आंबा, पेरू, ओलं लाकूड असा एक थंडगार वास येतो. पुढे तो बदलतो. पक्ष्यांची शिट, ओला भुसा, माशांच्या टाक्यांचं पाणी. पिंजऱ्यांवर पिंजरे. तळाच्या एका जाळीत सात-आठ गिनी पिग एकमेकांना चिकटून बसले होते आणि त्यातल्या एकीच्या कपाळावर पांढरा भोवरा होता. लेक खाली बसली ती उठेना. मला तिथे थांबवत नव्हतं. तो बाजार मला कधीच सोसला नाही, आजही सोसत नाही, आणि तिथून प्राणी विकत घेऊ नये असं मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते. पण त्या भोवऱ्याकडे पाहिलं आणि माझाही पाय निघेना. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

घरी आईने दार उघडलं, खोक्यात डोकावली आणि काही न बोलता आत निघून गेली. आम्ही दादरला गोखले रोडवर राहत होतो, बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे. मला वाटलं आता रात्री ऐकावं लागणार. घरात उंदीर कशाला, वास येईल, पोरीला दमा होईल. जेवणं झाली, भांडी झाली, आणि आई हात पुसत बाहेर आली. चिंगी खोक्याच्या कोपऱ्यात थरथरत होती. लेक तिला वरून पकडायला गेली की ती निसटायची. आई म्हणाली, "असं नाही. वरून हात आला की त्यांना घार वाटते." मग तिने एक तळवा चिंगीच्या छातीखाली सरकवला, दुसरा मागच्या पायांखाली, आणि उचलून सरळ आपल्या काखेशी टेकवली. चिंगी निपचित राहिली. तिचं नाक तेवढं हलत होतं. सत्तरीला टेकलेल्या माझ्या आईने घरात कधी मांजरही पाळलेलं नव्हतं. मी तिच्या हातांकडे बघतच राहिले.

"बाबा असं धरायचे," आई म्हणाली.

माझे आजोबा परळला हाफकिनमध्ये, लसींवर काम करणाऱ्या त्या संस्थेत, होते, एवढं मला माहीत होतं. 'हाफकिनमध्ये होते' म्हणजे तिथल्या प्राण्यांच्या खोल्यांमध्ये कामाला होते, हे मला त्या रात्री कळलं. पिंजरे धुणं, चारा कापणं, पिल्लं मोजणं. आई शाळकरी असताना त्यांचा डबा घेऊन जायची. ओळीने पिंजरे, फिनेलचा आणि गवताचा मिसळलेला वास, आणि तिच्या चपलांचा आवाज झाला की सगळीकडून एकदम उठणारी ती शीळ. आजोबा एखादा तिच्या हातात देत आणि धरायचं कसं ते दाखवत. "घरी एक आणा ना, असं मी फार मागे लागायचे," ती म्हणाली. "ते म्हणायचे, इथले मोजलेले आहेत."

तेव्हापासून परळच्या त्या रस्त्यावरून जाताना मला वेगळं वाटायला लागलं. केईएमची गर्दी, पलीकडे जनावरांचा दवाखाना, १८८६ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेज, आणि झाडीत दडलेलं ते जुनं गव्हर्नमेंट हाऊस, जिथे १८९९ पासून ती प्रयोगशाळा आहे. हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, १० जानेवारी १८९७ ला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. त्याआधी त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली होती, तेव्हा त्या जंतूंची तीव्रता वाढवायला ते एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे गिनी पिगांच्याच पोटातून नेले होते, हे मात्र आपण ऐकलेलं नसतं. आणि १९०५ मध्ये प्लेगचा शोध घ्यायला आयोग बसला, त्याने तर मुंबईतल्या प्लेगच्या घरांमध्ये गिनी पिग मोकळे सोडले. माणसं बाहेर काढलेली, दारं लावलेली, आणि रिकाम्या खोलीत हा एक जीव फिरतोय. उंदरांवरच्या पिसवा त्याच्या अंगावर चढायच्या. त्या मोजायच्या, त्याला प्लेग होतो का ते बघायचं. उंदराच्या पिसवेतून प्लेग पसरतो हे असं पक्कं झालं. या शहरातली आपली किती घरं त्या शोधामुळे वाचली असतील, आणि त्या खोल्यांमध्ये सोडलेल्यांची नोंद फक्त आकड्यांत. त्यात माझ्या आजोबांच्या आधी तिथे राबलेली किती माणसं असतील, त्यांचीही नाही.

चिंगी आल्यावर महिनाभरातच गोल गरगरीत झाली. आम्ही म्हटलं, खाणं मानवलं. दुकानात नर-माद्या एकत्रच ठेवलेल्या असतात, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. आईच्या आलं होतं, पण तिने लेकीला वाट बघायला लागू नये म्हणून सांगितलं नाही. पावसाळ्याचे दिवस, पहाटेची वेळ, आणि टोपलीखालून दोन वेगळ्या पट्टीतल्या शिट्या. बकुळ जन्माला आली ती डोळे उघडे ठेवून, अंगभर केस घेऊन, तोंडात दात घेऊन. दोन महिन्यांहून जास्त पोटात राहतात म्हणून इतकी तयार होऊन येतात. तासाभरात ती चिंगीच्या मागे पळत होती. तिचे पुढचे पंजे माझ्या करंगळीच्या नखाएवढे. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. लेकीने भिंग लावून मोजली, वहीत काढली. कान पातळ, गुलाबी, उजेडाकडे धरले की आतल्या शिरा दिसायच्या. नाव आईने ठेवलं. आमच्या गल्लीत बकुळीचं झाड आहे, त्या सकाळी पावसाने सगळा सडा पडला होता.

मग घर हळूहळू त्यांच्या भोवती फिरायला लागलं. ज्यांनी हे प्राणी पाळलेत त्यांना सांगायला नको. फ्रिजचं दार उघडलं की शीळ. प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरली की शीळ. आई कोथिंबीर निवडायला बसली की दोघी जाळीला तोंड लावून उभ्या. पूर्वी देठं कचऱ्यात जायची, आता आधी देठं ताटलीत पडायची आणि मग पानं आमच्या वाट्याला. त्यांच्या शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही, आपल्यासारखंच. १९०७ मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्यांना खलाशांना व्हायचा तोच स्कर्व्ही झाला, आणि तिथून पुढे सी जीवनसत्त्वाचा माग लागत गेला. म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, हंगामात आवळ्याची फोड. बाहेरून येणारं वाळलं गवत इतकं महाग की जीव खालीवर व्हायचा. मग देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या मावशींकडून चाऱ्याची पेंढी, आणि दादरच्या फुलबाजारातून दूर्वा. संकष्टीला आई दूर्वांच्या जुड्या आणायची. एकवीस गणपतीला आणि उरलेल्या सगळ्या चिंगी-बकुळला. सासरच्या एका काकूंना ते रुचलं नव्हतं. आई म्हणाली, "ज्याच्या पायाशी उंदीर बसतो तो काही म्हणणार नाही."

उकाड्याचं मात्र फार कठीण. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर पारा गेला की त्यांना सोसत नाही, आणि आपल्याकडे तो मार्चमध्येच जातो. मूळचे ते अँडीज पर्वतातले, पेरू-बोलिव्हियाकडच्या थंड पठारांवरचे. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्यांना माणसाळवलं, खाण्यासाठी, आणि आजही तिथे खातात. आमच्या ओट्याचं काम झालं तेव्हा कडाप्प्याचा एक तुकडा उरला होता. तो धुऊन पिंजऱ्यात ठेवला, शेजारी बर्फाची बाटली जुन्या पंच्यात गुंडाळून. मे महिन्यातल्या दुपारी दोघी त्या काळ्या दगडावर पोट टेकून, पाय मागे सोडून पसरलेल्या असायच्या. वीज गेली की माझा जीव टांगणीला. ऑफिसातून मी आईला फोन करायचे, आणि आई म्हणायची, "मी वारा घालतेय, तू तुझं काम कर."

नवऱ्याची बदली ठरली तेव्हा आधी लंडनचं नाव होतं. मी नियम वाचले. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या अशा प्राण्यांना ब्रिटनमध्ये चार महिने विलगीकरणात ठेवतात. रेबीजच्या भीतीने, कायदा आहे. ज्यांचं सगळं आयुष्य पाच ते आठ वर्षांचं, त्यांचे चार महिने. त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मग लंडनचं बारगळलं आणि बॉस्टन आलं, ते आमच्या इच्छेने नव्हे. अमेरिकेत गिनी पिगसाठी तसं विलगीकरण नाही. हे कळल्यावर मला बॉस्टनबद्दल पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं.

"कुणाला तरी देऊन टाका." हे वाक्य त्या काळात मी इतक्या जणांकडून ऐकलं की समोरच्याचं तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू यायला लागलं. म्हणणारी माणसं वाईट नव्हती. जाताना सोफा देतात, फ्रिज देतात, कुंड्या देतात, तसं त्यांना वाटत होतं. कुणी म्हणालं, दुकानात परत द्या. कुणी म्हणालं, सोसायटीच्या बागेत सोडा, गवत आहे की. त्या बागेत कावळे आहेत, मांजरं आहेत, आणि गिनी पिगला झाडावर चढता येत नाही, चावून प्रतिकार करता येत नाही. संध्याकाळपर्यंतही टिकणार नाहीत. मी त्या सगळ्यांना एकच सांगत गेले, आणि आजही माझं तेच म्हणणं आहे. ज्या जिवाला आपण असं वाढवलं की आपल्या हाताशिवाय त्याच्या पोटात काही जाणार नाही, त्याच्या बाबतीत 'नेऊ की नको' हा प्रश्नच उरत नाही. नेणं जमलं नाही तर जिवाला जीव देणारं दुसरं घर शोधायचं, पण ते शोधायचं, उरकायचं नाही.

पण मग आई?

हे कुणी विचारलं नाही. मीच स्वतःला विचारत होते, रात्री पंख्याकडे बघत. दोन गिनी पिगांच्या तिकिटाला, पेटीला, एजंटला मिळून जे पैसे लागणार होते त्यात एका माणसाचं जाणं-येणं सहज झालं असतं. आई येणारच नव्हती. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. सहा महिन्यांच्या वर कुणाच्या देशात राहू देत नाहीत, आणि राहू दिलं तरी मी राहणार नाही. तरी तिच्यासमोर बसून पेटीची मापं घेताना मला कसंसंच व्हायचं. एका दुपारी तिने माझ्या हातातली टेप काढून घेतली आणि दुसरं टोक स्वतः धरलं. "मला भाजीवाला आहे, शेजार आहे, भजनी मंडळ आहे, ठाण्याला तुझा भाऊ आहे. यांना कोण आहे? माप नीट घे, त्यांना वळता यायला हवं." त्यावर मी काय बोलणार होते. मी माप घेतलं.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती पोटाची. यांचं पोट सतत चालू राहायला हवं. बारा तास काही खाल्लं नाही तर आतडी मंदावतात, आणि एकदा मंदावली की पुन्हा सुरू करणं अवघड. त्यांना उलटी करता येत नाही. म्हणून उपाशी ठेवायचं नाही, झोपेचं औषध द्यायचं नाही. पाण्याची बाटली विमानात गळते, गवत भिजतं, त्यापेक्षा काकडीचे जाड तुकडे ठेवा. दोघींना एकाच पेटीत ठेवा, वेगळं करू नका. हे शेवटचं ऐकून लेकीने मला हाताला धरून दाबलं. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनी पिग पाळणं कायद्यात बसत नाही, हे तिने कुठूनतरी वाचून ठेवलं होतं आणि ती ते डॉक्टरांना सांगायला विसरली नाही.

पेटी आली ती आम्ही कितीतरी आधी घरात आणून ठेवली. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे हवाई वाहतुकीचे जे नियम आहेत त्याप्रमाणे केलेली, तिन्ही बाजूंना जाळी, तळाला गळू नये अशी सोय, बाहेर हिरवं लेबल. पहिले काही दिवस चिंगी लांबूनच मान वर करून हुंगायची. आईने आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा आत पसरला, वर दूर्वा टाकल्या. मग एका सकाळी दोघी आत, पाठमोऱ्या, दूर्वा तोडण्याचा तो कचकच आवाज येतोय. त्यांचे दात आयुष्यभर वाढतात, चावत राहिलं तरच झिजतात. मला तो आवाज ऐकला की सगळं ठीक आहे असं वाटतं. आई दर रविवारी त्यांचं वजन करायची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलचं पातेलं, पातेल्यात एकेक बाई, आणि आकडा कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी. चिं ८६०. ब ९१०. आजार दिसायच्या आधी वजन उतरतं, हे डॉक्टर म्हणाले तेव्हा आई म्हणाली, बाबाही वजनच बघायचे.

निघालो दिवाळीनंतर, हवा जरा उतरल्यावर. विमान मध्यरात्रीनंतरचं, म्हणजे धावपट्टीवरचा उकाडा त्यातल्या त्यात कमी. डॉक्टरांचं प्रमाणपत्र अगदी ताजं हवं, आणि त्यावर केंद्र सरकारच्या पशू विलगीकरण कार्यालयाची तपासणी आणि सही. तिथले अधिकारी वयस्कर होते. त्यांच्याकडे कुत्री-मांजरंच जास्त येतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जाळीतून बराच वेळ पाहिलं, दार उघडलं, बकुळला बाहेर घेतलं, डोळे, नाक, दात, पोटाखालची कातडी. त्यांच्या हाताला सवय होती. छातीखाली एक तळवा, मागे एक. मी विचारलं नाही, पण मला वाटतं तेही परळलाच शिकले असणार. बकुळ त्यांच्या शर्टावर ओली झाली. "घाबरलीय," ते म्हणाले, आणि रुमालाने तिचीच पाठ पुसली, शर्ट नंतर. कागदावर उगम देश भारत असं होतं. ते वाचून लेक म्हणाली, दादर. ते हसले आणि म्हणाले, दादरसाठी जागा नाही गं यात.

आई सहारपर्यंत आली. कार्गोच्या दारापाशी ट्रकांची रांग, डिझेलचा धूर, कुठूनतरी मासळीच्या खोक्यांचा वास, हातगाडीवर चहा. पेटी आत जायच्या आधी तिने जाळीतून बोट घातलं आणि चिंगीचं कपाळ, तो भोवरा, उलट्या दिशेने खाजवला. चिंगीला तसंच आवडतं. मग पेटी एका ट्रॉलीवर गेली, तिच्या आधी औषधांची खोकी आणि मागे कुणाचं तरी यंत्र. आत जाताना दोघी ओरडल्या की नाही ते ट्रकच्या हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. आमचा निरोप त्यानंतर, प्रवाशांच्या दारापाशी झाला. तो मी इथे लिहिणार नाही.

फ्रँकफर्टला विमानतळावर प्राण्यांसाठी वेगळी मोठी जागा आहे. घोड्यांपासून माशांपर्यंत सगळे तिथे थांबतात, डॉक्टर असतात, चारा-पाणी होतं. आम्हाला तिथे जाता येत नव्हतं. आम्ही दुसऱ्या टोकाला काचेशी बसलो होतो, आणि लेक येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत होती. मला एजंटचा रकाना पुन्हा आठवला. मालाची किंमत लिहायची ती हरवला तर भरपाई किती, यासाठी. म्हणजे तो प्रश्न खरा असा होता की हे हरवले तर तुम्हाला काय द्यावं. त्याचं उत्तर त्या मुलाकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. माझ्या आजोबांनी आयुष्यभर असे जीव मोजून दुसऱ्याच्या हातात दिले. घरी येऊन ते त्याबद्दल बोलत नसत, असं आई म्हणते. जेवायच्या आधी मोरीत बराच वेळ हात धूत असत.

बॉस्टनला पेटी हाती यायला पुष्कळ वेळ लागला. उरलेलं गवत, काकडी तिथेच टाकून द्यावी लागली. साडीचा तुकडाही गेला. दोघी एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या. घरी आणल्यावर, अजून दिवेही नीट लावले नव्हते, लेकीने ताज्या कोथिंबिरीची जुडी सोडली. दुकानातली, पाण्याने ओली, आपल्या कोथिंबिरीच्या निम्म्याने वासाची. चिंगीने हुंगली, मागे सरली. बकुळ पुढे आली आणि देठाच्या टोकाकडून तोडायला लागली. आम्ही तिघं अंगावरचे कोट न काढता फरशीवर बसून तो आवाज ऐकत होतो. आईला फोन लावला तेव्हा तिकडे पहाट व्हायची होती, आणि तिने पहिल्या घंटेला उचलला.

इथे त्यांना थंडी मानवली. घरात वीस-बावीसच्या आसपास, दगड नको, बाटली नको. एका संध्याकाळी चिंगी जागच्या जागी हवेत उडाली, चारही पाय वर, मान एकीकडे, धड दुसरीकडे. आनंद झाला की गिनी पिग असं करतात. दादरला ती हे वर्षातून डिसेंबर-जानेवारीत करायची. इथे रोज. मी ते बघते तेव्हा मला फार बरं वाटतं आणि त्याच वेळी पोटात तुटतं. आठ-आठ महिने आपण त्यांना उकाड्यात ठेवलं, त्यांनी सोसलं. आणि ज्या हवेत मला सकाळी उठवत नाही, दुपारी चारला अंधारून आलं की घशाशी येतं, त्याच हवेत त्या फुलल्यात.

दोघींची वयं पाच आणि त्याहून थोडं जास्त. म्हणजे आणखी दोन वर्षं, नशीब असेल तर तीन. इथे भेटलेल्या एका मराठी गृहस्थांनी हिशेब करून दाखवला, दोन वर्षांसाठी एवढा खर्च. मी तिथेच विषय थांबवला. उरलेल्या वर्षांनी भागून कुणाचं मोल काढायला मी बसणार नाही. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आणि बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या काचेपलीकडे उभं राहून तिला सिद्ध करावं लागलं की ती इथे राहायला येत नाहीये, परत जाणार आहे. तिने ते मनापासून सांगितलं, कारण ते खरंच होतं. व्हिसा मिळाला. जूनमध्ये येते म्हणाली, आंबा संपल्यावर.

रविवारी सकाळी मी वजन करते. तिकडे संध्याकाळ असते, दिवेलागण झालेली, मागे टीव्हीचा आवाज. मी आकडा सांगते, आई कालनिर्णयवर लिहिते. प्रवासात दोघींचं बरंच उतरलं होतं, ते महिनाभरात भरून आलं. परवा मात्र बकुळ ९२० आणि चिंगी ८३०. गेल्या रविवारी ती ८६० होती. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग विचारलं, गाजर खाताना तोंड एका बाजूला करते का? मी म्हटलं, हो, दोन-तीन दिवस करतेय. "मग दाढ वाढली असेल, टोचत असेल. वाट बघू नकोस." मंगळवारी साडेदहाची वेळ मिळाली आहे. तोवर गाजर किसून, कोथिंबीर बारीक चिरून देतेय.